आंब्यावर एक परिच्छेद लिहा

इंग्रजीच्या पेपरात आंब्यावर परिच्छेद लिहायला सांगितला की बहुतेक उत्तरपत्रिकांत साधारण असा मजकूर येतो. आंबा फळांचा राजा आहे. तो पिवळा असतो. मला आंबा फार आवडतो. कोकणात आंबे खूप पिकतात. कैरीचं लोणचं घालतात. आंब्यात जीवनसत्त्वं असतात. माझी आई आमरस छान करते. व्याकरण बिनचूक, स्पेलिंग बिनचूक, तरी मार्क दहापैकी पाचावर अडतात. मुलगा विचारतो, "सर, यात चूक काय आहे?" सरांनाही बोट ठेवायला जागा सापडत नाही, कारण एकेक वाक्य सुटं काढलं तर कशातच चूक नाही.

यातली कुठलीही दोन वाक्यं उचला आणि एकमेकांच्या जागी ठेवा. लोणचं वर न्या, फळांचा राजा खाली आणा. काहीच बिघडत नाही ना? इथंच गोम आहे. ज्या मजकुरातली वाक्यं कशीही फिरवली तरी चालतात, ती नुसती यादी असते. परिच्छेदात वाक्यांचा क्रम कशाने तरी बांधलेला असतो, आणि तो कशाने बांधलाय यावरूनच त्या परिच्छेदाचा प्रकार ठरतो. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांत प्रकारांची नावं आणि व्याख्या पाठ करायला दिलेल्या असतात. वाक्यांच्या या अदलाबदलीची कसोटी मात्र क्वचितच सांगितलेली आढळते. माझ्या मते खरी किल्ली तीच आहे.

नावं तशी परिचयाची आहेत. नॅरेटिव्ह म्हणजे कथनपर, डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे वर्णनपर, एक्सपॉझिटरी म्हणजे एखादी गोष्ट उलगडून सांगणारा आणि पर्स्वेसिव्ह म्हणजे वाचकाला पटवणारा. ही वाटणी पाठ्यपुस्तकांत रुजवण्याचं बरंचसं श्रेय स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या अलेक्झांडर बेन यांना जातं. विणकराच्या घरात जन्मलेले, लहानपणी स्वतःही मागावर बसलेले बेन पुढे तर्कशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६६ साली त्यांचं 'इंग्लिश कॉम्पोझिशन अँड ऱ्हेटॉरिक' प्रसिद्ध झालं. त्यात लेखनाचे प्रकार पाच होते. पाचवा होता कविता. पुढच्या पाठ्यपुस्तकांतून कविता गळाली आणि चार उरले. याच पुस्तकात बेननी परिच्छेदाचे नियमही घालून दिले. आज शाळेत सांगतात ते बरंचसं त्या नियमांचंच, घासून गुळगुळीत झालेलं रूप आहे.

कथनपर परिच्छेद काळाने बांधलेला असतो. "गेल्या मे महिन्यात आम्ही काकांच्या बागेत गेलो. झाडाखाली उभं राहून काका झेल्याने आंबे उतरवत होते. एक आंबा निसटला आणि माझ्या खांद्यावर आदळला." यातलं तिसरं वाक्य पहिल्याच्या जागी नेलं तर आंबा आम्ही बागेत पोहोचायच्या आधीच खांद्यावर पडतो! मुलांना हा प्रकार सगळ्यात सोपा वाटतो आणि बऱ्याच अंशी तो सोपा आहेही. मात्र मराठी मुलं एका ठिकाणी हमखास घसरतात. आपण गोष्ट सांगताना भूतकाळातून वर्तमानात सहज उडी मारतो. "काल घरी गेलो, बघतो तर काय, दार सताड उघडं!" मराठीत हे शोभून दिसतं. इंग्रजी बोलण्यातही अशी उडी चालते, पण परीक्षेतल्या परिच्छेदात 'वेंट'नंतर एकदम 'सी' आलं की तपासणाऱ्याची लाल पेन्सिल उठते. ज्या काळात सुरुवात केली त्याच काळात शेवट करा. संवाद लिहायचा असेल तर बोलणारा बदलला की नवा परिच्छेद सुरू करायचा, हा इंग्रजी गद्यातला ठरीव रिवाज आहे. मग तो परिच्छेद दोन शब्दांचा असला तरी चालतो.

वर्णनपर परिच्छेदात घड्याळ थांबलेलं असतं. तिथे क्रम लावते ती नजर. वरून खाली, लांबून जवळ, बाहेरून आत, कशीही, पण एका दिशेने जाणारी. याचा उत्तम नमुना म्हणून चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'चं पहिलं प्रकरण काढून बघावं. ही कादंबरी १८५२-५३ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या एका परिच्छेदात लंडनवर पसरलेलं धुकं आहे, दुसरं काहीही नाही. ते आधी नदीच्या वरच्या अंगाला दिसतं, मग खालच्या अंगाला. तिथून ते एसेक्सच्या दलदलीवर आणि केंटच्या टेकड्यांवर पसरतं. मग कोळशाच्या गलबतांवर शिरतं, तिथून ग्रिनिचच्या म्हाताऱ्या पेन्शनरांच्या डोळ्यांत आणि घशात, मग एका चिडक्या कप्तानाच्या चिलमीत, आणि मग डेकवर कुडकुडणाऱ्या उमेदवार पोराच्या हातापायांच्या बोटांत. अख्ख्या नदीखोऱ्यावरून निघालेली नजर एका पोराच्या बोटांपर्यंत येऊन पोहोचते. या वाक्यांना मुख्य क्रियापदंच नाहीत, कारण काही घडतच नाही. धुकं नुसतं आहे. थोडं पुढे गेलं की या धुक्याच्या अगदी मधोमध चान्सरी कोर्टात बसलेले लॉर्ड चान्सलर दिसतात, आणि वर्षानुवर्षं निकाल न लागणाऱ्या दाव्यांच्या या कादंबरीला धुकं कशासाठी हवं होतं ते कळतं. नजरेच्या दिशेबरोबर चांगल्या वर्णनाला एक ठसाही असतो, आणि त्या ठशाला जोड न देणारा तपशील कितीही सुंदर असला तरी वगळावा लागतो.

आपला विद्यार्थी मात्र आंब्याचं वर्णन करताना 'ब्यूटिफुल', 'व्हेरी नाइस' आणि 'डिलिशस' या तीन खुंट्यांना सगळं टांगतो. त्याऐवजी पेटीचं झाकण उघडल्यापासून सुरुवात करावी. आधी येतो तो वास, मग वरचा पेंढा, तो बाजूला केल्यावर दिसणारी देठाकडची केशरी झाक, हातात घेतल्यावर लागणारा किंचित मऊपणा, आणि सालीवर चिकाचा एखादा काळा ओघळ. यात 'सुंदर' हा शब्द कुठेही लागला नाही.

आता एक्सपॉझिटरी. चारही प्रकारांत याचा पसारा मोठा आहे आणि नोकरीधंद्यात, परीक्षांत, अर्ज-अहवालांत यानेच रोजचा संबंध येतो. त्यामुळे इथे जरा रेंगाळू. याच्या पोटात आणखी प्रकार येतात, आणि प्रत्येकाची बांधणी वेगळी असते.

कृती सांगणारा परिच्छेद पायऱ्यांनी बांधलेला असतो. हापूसची अढी कशी घालतात ते बघा. तयार झालेला आंबा झेल्याने देठासकट उतरवतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. उतरवलेले आंबे सावलीत ठेवतात, मग हवेशीर खोलीत जमिनीवर भाताचा पेंढा अंथरून त्यावर आंबे एका थरात मांडतात आणि वर पुन्हा पेंढा घालतात. अधूनमधून अढी उघडून आंबे वरखाली करतात आणि नासलेले वेचून काढतात. आठ-दहा दिवसांत रंग धरतो. हेच इंग्रजीत लिहिताना दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. एक म्हणजे कर्ता. मराठीत "उतरवतात, मांडतात, काढतात" म्हणून मोकळं होता येतं. कोण उतरवतं असं कोणी विचारत नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, म्हणून मुलं एका वाक्यात 'वी', दुसऱ्यात 'यू', तिसऱ्यात 'दे' घालतात आणि चार ओळींत आंबे तीन माणसांच्या हातून जातात. प्रक्रिया समजावायची असेल तर कर्मणी प्रयोग धरावा: 'द मँगोज आर प्लक्ड'. वाचकाने स्वतः करून बघावं अशी इच्छा असेल तर आज्ञार्थ धरावा: 'प्लक द मँगोज'. कुठलाही धरा, पण शेवटपर्यंत तोच ठेवा. दुसरी गोष्ट कारणाची. देठ का ठेवायचा हे सांगितलं नाही तर ती पायरी वाचकाच्या लक्षात राहत नाही. मात्र प्रत्येक पायरीला कारण जोडत बसलं तर कृती हरवते. चुकण्याचा संभव जिथे आहे तिथेच कारण द्यावं.

तुलनेच्या परिच्छेदाचे दोन घाट आहेत. पहिल्यात आधी हापूसबद्दल सगळं सांगून टाकायचं आणि मग पायरीबद्दल सगळं. दुसऱ्यात एकेक मुद्दा घेऊन दोघांना शेजारी उभं करायचं: आकारात हापूस गोलसर, तर पायरीला खाली चोच, हापूसचा गर घट्ट म्हणून फोडींना बरा, पायरीचा पातळ म्हणून रसाला बरी, हापूस टिकतो, पायरी लवकर उतरते. मुद्दे दोन-तीनच असतील तर पहिला घाट चालतो. चारपाच झाले की पायरीपर्यंत पोहोचेतो वाचक हापूसचं विसरलेला असतो, म्हणून तिथे दुसरा घ्यावा. सगळ्यात वाईट म्हणजे हापूसबद्दल रंग, चव, भाव सांगायचा आणि पायरीबद्दल आजीची आठवण. तुलना करायची तर ज्या मुद्द्यावर एकाला तोललं त्याच मुद्द्यावर दुसऱ्याला तोलावं लागतं.

कारण-परिणामाच्या परिच्छेदात साखळी असते. पाऊस लांबला, थंडी उशिरा पडली, मोहोर उशिरा आला, आंबा बाजारात उशिरा उतरला, सुरुवातीचे भाव चढले. यातली एक कडी काढली तरी साखळी तुटते. धोका एवढाच, की एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं समजून 'देअरफोर' ठोकून दिलं जातं. पाडव्यानंतर आंबा येतो, पण तो पाडव्यामुळे येत नाही.

व्याख्या आणि वर्गीकरणाचे परिच्छेद जास्त वेळ खात नाहीत. व्याख्येत आधी वस्तूचा गोतावळा सांगायचा, मग त्या गोतावळ्यात ती वेगळी कशाने ते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची व्याख्या अशीच आहे. आंब्याची एक जात, पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत पिकलेली. वर्गीकरणात कसोटी एकच ठेवायची. "आंबे तीन प्रकारचे: हापूस, पायरी आणि महाग" असं लिहिलं तर वाचक हसतोच.

पटवणाऱ्या, म्हणजेच युक्तिवादाच्या परिच्छेदाकडे आपल्या वर्गांत सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. मुलांना वाटतं, मत ठासून मांडलं की झालं. 'आय स्ट्राँगली बिलीव्ह' लिहायचं आणि तेच तीनदा सांगायचं. त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीतून वाचावं. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं हे भाषण; मंडळाला ते झेपलं नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते १९३६ मध्ये स्वखर्चाने छापलं. सुरुवातीच्याच एका प्रकरणात जातिव्यवस्थेच्या कैवाऱ्यांचा एक नेहमीचा युक्तिवाद त्यांनी घेतला आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, ती प्रत्येक सुधारलेल्या समाजात असते, मग तिच्यात वावगं काय?

बांधणी बघण्यासारखी आहे. ते विरोधकाचं म्हणणं आधी पूर्ण मांडतात, त्याला गबाळं किंवा हास्यास्पद करत नाहीत. मग भेदाकडे बोट दाखवून त्यातला मान्य करण्याजोगा भाग मोकळेपणाने मान्य करतात: सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते. त्यानंतर तो भेद उलगडतात. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि तीही हवाबंद कप्प्यांत. पुढची पायरी अशी की हे कप्पे शेजारी-शेजारी नसून एकावर एक रचलेले आहेत. त्याच्याही पुढची, की ही वाटणी माणसाच्या कलाने किंवा कुवतीने होत नाही, जन्मानेच ठरते. मग ते थेट अर्थकारणात शिरतात. उद्योगधंदे बदलत असतात, पण माणसाला धंदा बदलता येत नाही, आणि त्यातून बेकारी उभी राहते. ज्या आर्थिक सोयीच्या नावाने जातीचं समर्थन चाललं होतं, तिच्याच बाजूने जात तोट्याची ठरते. आता अदलाबदल करून बघा. मान्य करण्याचं वाक्य शेवटी नेलं तर लेखकाने माघार घेतल्यासारखं वाटेल. बेकारीचा मुद्दा आधी आणला तर तो अधांतरी राहील, कारण हवाबंद कप्पे अजून वाचकाला दिसलेलेच नसतील. इथे क्रम लावते ती वाचकाच्या मनात उठणारी शंका. ती जिथे उठते तिथेच तिचं उत्तर येतं.

हीच रीत आंब्याला लावता येते. "प्रत्येक पेटीवर आंबा कुठल्या बागेतला हे सांगणारी खूण सक्तीची करावी." बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, म्हणजे गिऱ्हाईक फसतं आणि बागायतदाराचा भाव पडतो. यावर कोणी म्हणेल, छोट्या बागायतदाराला हा खर्च परवडायचा नाही. तो आक्षेप गाळू नका. खर्च पडेल हे मान्य करा, आणि मग सहकारी संस्थेमार्फत तो वाटून घेता येईल असं काहीतरी ठोस सांगा. आक्षेप लपवला की वाचकाला तो आणखीच आठवतो.

आता टॉपिक सेंटेन्सबद्दल. परिच्छेदाचं पहिलं वाक्य विषय सांगणारं हवं, हा नियम शिकवणीच्या वर्गांत बाराखडीसारखा घोकून घेतात. बेननी तसं म्हटलं होतं, पण पहिलं वाक्य नुसतं पूर्वतयारीचं असेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलतही ठेवली होती. शिवाय त्यांच्या यादीत पहिला मान दुसऱ्याच नियमाला होता: प्रत्येक वाक्याचा आधीच्या वाक्याशी संबंध स्पष्ट दिसला पाहिजे. शाळा सवलत विसरल्या आणि पहिला नियमही विसरल्या. १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकन अभ्यासकाने नावाजलेल्या मासिकांतले २५ निबंध घेऊन मोजणी केली. विवेचनपर परिच्छेदांपैकी जेमतेम १३ टक्के परिच्छेदांची सुरुवात टॉपिक सेंटेन्सने होत होती. म्हणजे कसलेले लेखक हा नियम फारसा पाळत नाहीत. तरीही शिकणाऱ्याने तो पाळावा, असंच मी म्हणेन. कसलेल्या लेखकाचा वाचक सवडीने वाचतो; परीक्षकासमोर मात्र गठ्ठा असतो, आणि हा मुलगा कुठे निघालाय हे त्याला पहिल्या ओळीत कळलेलं बरं. फक्त कथनपर आणि वर्णनपर परिच्छेदांना हा नियम लावू नये. गोष्टीच्या तोंडीच "ही गोष्ट फजितीची आहे" असं सांगितलं तर फजितीची मजाच जाते.

चार प्रकार चार डब्यांत बंद नसतात, हेही एकदा बघून घ्यावं. जॉर्ज ऑरवेलचा 'शूटिंग अ‍ॅन एलिफंट' हा १९३६ मधला निबंध ब्रह्मदेशातल्या मोलमेनमध्ये घडतो. पिसाळलेल्या हत्तीमागे बंदूक घेऊन निघालेला पोलीस अधिकारी हत्तीजवळ पोहोचतो, तेव्हा हत्ती शांतपणे गवत खात असतो. इथपर्यंत सरळ कथन आहे. अधिकारी मागे वळतो, तर दोन हजारांवर माणसं त्याच्याकडे डोळे लावून उभी आहेत. हत्तीला आता मारावंच लागणार हे त्याच्या ध्यानात येतं, आणि त्याच परिच्छेदात कथन थांबून साम्राज्याबद्दलचं विवेचन सुरू होतं: हुकूम सोडणारा गोरा माणूस खरं तर जमावाच्या इच्छेने नाचणारं बाहुलं आहे. घटना आधी पुरेशी जवळून दिसली म्हणून हा विचार पचतो. तोच विचार निबंधाच्या पहिल्या ओळीत आला असता तर नुसतं मत वाटला असता. मुख्य हेतू कोणता ते ठरलेलं असेल तर प्रकार मिसळायला हरकत नसते.

परीक्षांत हेतू प्रश्नातच दिलेला असतो, फक्त तो वाचावा लागतो. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्यांना अ‍ॅकॅडमिक पेपरच्या पहिल्या लेखनकृतीत आलेख, तक्ता किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती दिलेली असते आणि किमान १५० शब्द लिहायचे असतात. तिथे तुलना किंवा पायऱ्या हव्या असतात, स्वतःचं मत नको असतं. दुसऱ्या कृतीत किमान २५० शब्दांत भूमिका मांडायची असते, म्हणजे तिथे युक्तिवाद. गुणदानाच्या चार निकषांपैकी एक मजकुराच्या सुसंगतीचा आणि सांधेजोडीचा आहे. पुष्कळ उमेदवार पहिल्या कृतीत मत देतात आणि दुसरीत नुसती माहिती, आणि मग 'फर्दरमोर', 'मोअरओव्हर' यांची पेरणी करून सांधे बुजवायला बघतात. जोडशब्द असलेला सांधा दाखवतात. नसलेला तयार करत नाहीत.

लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पेन्सिलीने एक ओळ लिहावी, मराठीत लिहिली तरी चालेल: इथे काय सांगितलं, आणि क्रम कशाने लावला. काळाने, नजरेने, पायरीने, कारणाने की शंकेने. एका परिच्छेदासमोर दोन ओळी लिहाव्या लागल्या तर तो तिथे तोडावा. लागोपाठच्या दोन परिच्छेदांसमोर एकच ओळ आली तर ते जोडावेत. आणि काहीच लिहिता आलं नाही, तर तो परिच्छेद काढून टाकून पुढचा मजकूर वाचून बघावा. बहुतेक वेळा तो गेल्याचं कळतही नाही.